एटीव्हीचे आयडलिंग स्थिर राहत नाही आणि चढावर इंजिन उकळते (सत्तरी, काजू बागायत)

चोर्लापायथा (धागाकर्ता)

नमस्कार. सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आमची काजूची बागायत आहे. उतार तीव्र असल्याने जीप अर्ध्या वाटेपर्यंतच पोहोचते, म्हणून एक वापरलेली एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालणारी छोटी चारचाकी) घेतली. तिचे इंजिन ५०० सीसीच्या वर्गातले, एक सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चालणारे आणि रेडिएटरने थंड होणारे आहे, आणि गिअर पट्ट्याचे, म्हणजे सीव्हीटी. मागे छोटी ट्रॉली जोडून पाण्याचे कॅन आणि खत वर नेणे आणि येताना बोंडू व बिया खाली आणणे हे तिचे काम.

तक्रारी दोन आहेत. सकाळी चोक ओढून इंजिन लगेच सुरू होते आणि नीट चालते. गरम झाल्यावर मात्र आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचे फिरणे, आपोआप मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर चढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी काही क्षण तिथेच अडकून राहते आणि कधी कधी एकदम खाली येऊन इंजिन बंद पडते. दुसरी तक्रार अशी की एप्रिलच्या उन्हात भरलेल्या ट्रॉलीसह चढ चढताना तापमानाचा दिवा लागतो. पंखा फिरत असतो, तरीही थांबल्यावर रिझर्व्ह टाकीत बुडबुड्यांचा आवाज येतो आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बाहेर सांडते.

आधीच्या मालकाने गेल्या पावसाळ्यापूर्वी पंख्याची मोटर बदलून घेतली होती आणि रेडिएटरमध्ये तो विहिरीचे पाणी घालत असे, एवढे कळले आहे. एका मेकॅनिकच्या मते हेड गॅसकेट (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेले आहे, तर दुसरा नवा कार्ब्युरेटर बसवा म्हणतो. दोन्ही खर्चाची कामे आहेत. काही उघडण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

दहाबाराचापाना

प्रथम एक सूचना. दिवा लागल्यानंतर इंजिन पुरते थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे द्रवरूपात असते आणि झाकण सुटताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर उडते.

आता काही प्रश्न. पंखा सुरू होतो त्या क्षणी आयडलिंग खाली येते का? गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायला त्रास होतो का? आयडलिंग चढलेले असताना गिअर टाकला तर गाडी स्वतःहून पुढे सरकते का? पेट्रोल किती जुने आहे? या उत्तरांवरून अर्धे निदान होते.

तोवर एक बिनखर्चाची तपासणी करा. इंजिन आयडलवर असताना, पाण्याने भरलेल्या फवारणीच्या बाटलीने कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबराभोवती बारीक फवारा मारा. एखाद्या जागी फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला, तर त्या जागेतून बाहेरची हवा आत जाते आहे. काही जण यासाठी कार्ब क्लीनर वापरतात, पण तो ज्वलनशील असतो आणि शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो. पाण्याने काम होत असताना ती जोखीम घेण्याचे कारण नाही.

पेडणेवाला

सरळ थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. गोव्यात बर्फ पडत नाही, इथे त्याची गरजच काय? आमच्या माडांच्या बागेतल्या गाडीचा मी केव्हाच काढला आहे.

निवृत्तफिटर

पेडणेवाले, हा सल्ला फार जुना आहे आणि तितकाच चुकीचा आहे. थर्मोस्टॅट थंड हवामानासाठी नसून इंजिन लवकर ठरावीक तापमानाला आणून तिथे टिकवण्यासाठी असतो. तो काढल्यावर हलक्या कामात इंजिन थंडच राहते, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतीवर ओलसर पेट्रोल उतरते आणि ऑइल पातळ होते. तुमच्या बागेत सपाटी असल्याने त्रास जाणवला नसेल, पण झीज होतच असते.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो तपासणे सोपे आहे. बाहेर काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस पेटवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो हलू लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाहीच उघडला तर नवा घाला. ती जागा रिकामी ठेवू नका.

धागाकर्त्यांसाठी झाकणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रेडिएटरच्या झाकणाला लोक नुसते बूच समजतात. त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो आणि तो अनेक गाड्यांत सुमारे १.१ बारचा दाब धरून ठेवतो. त्या दाबाला साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे कुलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी असे मिश्रण आणखी काही अंश तग धरते. स्प्रिंग ढिली पडून झाकण ०.३ बारलाच सुटू लागले, तर तेच साधे पाणी १०७ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे इंजिन वाजवी तापमानाला असतानाही टाकीत बुडबुडे येऊ शकतात आणि पाहणाऱ्याला वाटते की हेड गॅसकेट गेले. झाकणाचे रबर चिरलेले किंवा कडक झालेले दिसले तर त्याच दाबाचे नवे झाकण घ्या. जास्त दाबाचे घेऊ नका. जुने होज (रबरी नळ्या) फुटतात.

विहिरीचे पाणी घालणे मात्र बंद करा. इंजिन आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असते. पाण्यातले क्षार त्याला पोखरतात आणि सुटलेला गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

जांभामाती

मला वाटते दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलला ९ पुरतात. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे गणित १३.५ च्या जवळ येते. जुना कार्ब्युरेटर त्याच्या जेटच्या (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) मापाप्रमाणेच इंधन देत राहतो, म्हणून मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रणावर आयडलिंग डळमळते आणि इंजिनही तापते. जेट एक नंबरने मोठे केले की दोन्ही प्रश्न सुटतील.

निवृत्तफिटर

गणित बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. कार्ब्युरेटरचा पायलट जेट आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत काम करतो, त्यापुढे सुई आणि मग मेन जेट. रबरातून शिरणारी हवाही थ्रॉटल बंद असतानाच जास्त त्रास देते, कारण तेव्हा आत निर्वात मोठा असतो. चढावर थ्रॉटल बराच उघडा असताना त्या फटीतल्या हवेचा वाटा नगण्य ठरतो. म्हणून आयडलिंगच्या दोषाने चढावर इंजिन उकळेल, हे मला पटत नाही. मेन जेट लहान पडत असता तर चढावर आधी ताकद कमी झाली असती, धक्के बसले असते. तशी तक्रार धागाकर्त्यांनी केलेली नाही.

या गाडीत दोन वेगळी दुखणी आहेत असे समजून ती वेगवेगळी तपासावीत. एकाच कारणाच्या शोधात राहिलो की जेट, कार्ब्युरेटर आणि गॅसकेट असे सगळे सुटे भाग विकत घेऊनही गाडी उकळतच राहते.

चोर्लापायथा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दहाबाराचापाना यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. पंखा सुरू झाला की आयडलिंग थोडे खाली येते आणि हेडलाइट किंचित मंद होतो. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला त्रास होत नाही. आयडलिंग चढलेले असताना गिअर टाकताना मोठा खटका बसतो आणि ब्रेक सोडला की गाडी स्वतः सरकते. पेट्रोल पावसाळ्यापूर्वीचे टाकीत राहिले होते, त्यात हंगामाच्या सुरुवातीला नवे भरले.

पाण्याचा फवारा मारून पाहिला. वरच्या बाजूला काही फरक पडला नाही, पण रबराच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे फवारा जाताच इंजिन अडखळले. रबर काढून दोन्ही बोटांनी वाकवले तेव्हा क्लिपच्या कडेलगत आडवी चीर उघडलेली दिसली. हात सोडला की ती पूर्ण मिटते.

दहाबाराचापाना

हे आयडलिंगचे मुख्य कारण. रबर थंड असताना चीर मिटलेली राहते आणि इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून उघडते. सकाळी सगळे ठीक आणि तापल्यावर आयडलिंग वर, याचा उलगडा इथे होतो. सिलिकॉन किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका; पेट्रोलच्या वाफेने तो लेप सुटतो आणि त्याचा तुकडा आत ओढला जाऊ शकतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवे रबर बसवल्यावर इंजिन बहुधा आयडलवर उभेच राहणार नाही, किंवा आयडलिंग भलतेच असेल. तेव्हा नवे रबर खराब निघाले असे समजू नका. चिरेतून येणाऱ्या हवेवर तोड म्हणून आधी कोणीतरी आयडल स्क्रू (आयडलिंगचा वेग ठरवणारा) आणि पायलट स्क्रू (आयडलचे मिश्रण ठरवणारा) फिरवून ठेवलेले असणार. पायलट स्क्रू मूळ ठिकाणी आणा, म्हणजे हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन गाडीच्या पुस्तकात दिले आहेत तेवढे फेरे बाहेर काढा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पुस्तकातल्या आकड्याला आयडल लावा. या वर्गाच्या इंजिनांत तो बहुधा १२०० ते १५०० च्या दरम्यान असतो. मग पायलट स्क्रू थोडा थोडा फिरवून जिथे इंजिन सर्वांत सुरळीत चालते तिथे सोडा आणि आयडल पुन्हा जुळवा.

आयडलिंग चढलेले असताना गाडी सरकते याकडे दुर्लक्ष करू नका. सीव्हीटीचा क्लच आयडलच्या वरच्या फेऱ्यांना पकड घेऊ लागतो. ब्रेक दाबून गाडी उभी केली की पट्टा आतल्या आत घसरतो, तापतो आणि त्यावर चकाकी येते. रबर बदलल्यावर कव्हर उघडून पट्टा पाहून घ्या.

कुळागरी

जुन्या पेट्रोलविषयी थोडे. आमची गाडी सुपारीच्या कुळागरात असते, तिथे बारा महिने ओल. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून सुटे होते आणि तळाशी बसते. फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू उघडून त्यातले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि थोडा वेळ उजेडात ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकीतले सगळे पेट्रोल काढावे लागेल.

बाउलमध्ये पांढरी किंवा हिरवट पावडर असेल तर पायलट जेट काढून उजेडासमोर धरून पाहा. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते आणि त्यातून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. लोखंडी तार घालू नका, पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे होते. घासणीच्या ब्रशचा नायलॉनचा केस पुरतो.

निवृत्तफिटर

आयडलिंगचा मार्ग सापडला. आता उष्णतेकडे वळू.

आधी गॅसकेटचा संशय दूर करा. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर सकाळी झाकण उघडे ठेवून सुरू करा आणि आत पाहा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर काळजी नाही. गॅसकेट गेलेले असेल तर बुडबुडे पहिल्या मिनिटापासून एका लयीत येत राहतात. झाकण लावलेले असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर लगेचच, पाणी तापण्याआधीच, वरचा होज हाताला कडक लागतो. ऑइल दुधाळ नसावे आणि प्लगचे टोक वाफेने धुतल्यासारखे पांढरेस्वच्छ नसावे.

दुसरे, रेडिएटरच्या जाळीत दिवा धरून आरपार पाहा. आपल्याकडची तांबडी माती पावसात चिखल होऊन जाळीत बसते आणि उन्हात विटेसारखी कडक होते. वर गवताची कुसळे आणि काजूच्या सुक्या पानांचा चुरा. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण आतल्या बाजूला थर असतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्र्याच्या पापुद्र्या दुमडतात आणि वाट कायमची बंद होते.

तिसरे, पंखा. तो फिरतो एवढे पाहून समाधान मानू नका, तो हवा कुठून कुठे नेतो ते पाहा. पंखा चालू असताना वर्तमानपत्राचे अर्धे पान रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. ते जाळीला चिकटले पाहिजे. मोटर नंतर बदललेली आहे असे आपण लिहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

चोर्लापायथा (धागाकर्ता)

फिटरकाका, पान चिकटले नाही. हातातून सुटून पुढे उडाले.

थंड इंजिनवर झाकण उघडून पाहिले, काही बुडबुडे येऊन थांबले. वरचा होज बराच वेळ मऊ होता. ऑइल स्वच्छ आहे. जाळीच्या आतल्या बाजूला मात्र तांबड्या मातीचा थर होता आणि खालचा एक तृतीयांश भाग दिव्याचा उजेड जाऊच देत नव्हता.

निवृत्तफिटर

मग उकळण्याचे कारण मिळाले. या पंख्याची मोटर दोन तारांची असते आणि तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. मोटर बदलताना कनेक्टर जुळला नसेल आणि तारा कापून जोडल्या असतील. उलटा पंखा इंजिन आणि सायलेन्सरजवळची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढे ढकलतो. शिवाय पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असल्याने उलट्या दिशेला हवाही कमी हलते. वेगात असताना समोरून येणारा वारा आणि पंखा एकमेकांना अडवतात. चढावर वेग कमी, भार जास्त, म्हणजे पंख्याची खरी गरज तिथेच. वर पोहोचून थांबल्यावर आयडलिंगही चढलेले, त्यामुळे उष्णता तयार होतच राहते. दोन दुखण्यांची गाठ पडत असेल तर ती या एवढ्याच ठिकाणी.

तारा बदलताना एक माप घ्या. पंखा चालू असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंख्याच्या निगेटिव्ह तारेला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब आहे. पंखा लागताच हेडलाइट मंद होतो, यात थोडा भाग नैसर्गिक आहे, कारण आयडलवर चार्जिंग मुळात कमीच असते. पण गंजलेल्या अर्थिंगमुळे पंखा सावकाश फिरतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पेडणेवाला

थर्मोस्टॅटचा मुद्दा मान्य, नवा मागवला आहे. अर्थिंगविषयी मात्र फिटरकाकांना दुजोरा देतो. किनारपट्टीला खाऱ्या हवेने चेसिसवरची अर्थची रिंग वरून बरी दिसते आणि खाली हिरवी पूड झालेली असते. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावले तर संपर्क नीट होत नाही.

चोर्लापायथा (धागाकर्ता)

हंगाम संपण्यापूर्वी काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो. नवे रबर म्हापशात मिळाले नाही, बेळगावहून मागवावे लागले. दहाबाराचापाना म्हणाले तसेच झाले. रबर बसवल्यावर इंजिन आयडलवर थांबेना. पायलट स्क्रू पुस्तकातल्या फेऱ्यांपेक्षा बराच बाहेर काढलेला होता. तो मूळ जागी आणून, जेट स्वच्छ करून आणि नवे पेट्रोल भरून आयडल १३०० वर लावले. थंड किंवा गरम, दोन्ही वेळा ते तिथेच राहते. बरणीतल्या जुन्या पेट्रोलखाली बोटभर वेगळा थर निघाला. पट्ट्यावर एका बाजूला चकाकी आहे, पण चिरा नाहीत.

पंख्याच्या अर्थिंगवर १.४ व्होल्ट आले. रिंग घासल्यावर ०.१ झाले. तारा उलटवल्या, आता कागद जाळीला घट्ट चिकटतो. रेडिएटर आतल्या बाजूने धुतला, जुने पाणी काढून डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घेतले आणि तयार कुलंट भरले. झाकणही नवे आहे. भरलेल्या ट्रॉलीने त्याच चढावर दिवा लागत नाही आणि वर पोहोचल्यावर पंखा थोडा वेळ चालून आपोआप बंद होतो.

दोन शंका उरल्या आहेत. नवे कुलंट भरल्यावर पहिल्याच फेरीत टाकीतली पातळी बरीच खाली गेली, हे गळतीचे लक्षण आहे का? आणि पावसाळ्यात गाडी चार महिने उभी ठेवायची असेल तर काय करावे?

निवृत्तफिटर

पहिल्या फेरीनंतर पातळी खाली जाणे अपेक्षित आहे. आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी टाकीतले कुलंट ओढले जाते. पुढची चाके उंचावर घेऊन, थंड असताना झाकण उघडा आणि वॉटर पंपाजवळ किंवा हेडजवळ हवा काढण्याचा बोल्ट असल्यास तो सैल करून अखंड धार येईपर्यंत कुलंट भरा. त्यानंतरही पातळी उतरत राहिली तर वॉटर पंपाखालचे छोटे छिद्र पाहा. तिथून थेंब येत असतील तर पंपाचे सील गेले आहे. ते छिद्र त्यासाठीच ठेवलेले असते, चिखल समजून बुजवू नका.

चढावर लो गिअरच वापरा. हाय गिअरमध्ये भार ओढताना पट्टा घसरून तापतो आणि इंजिनही रखडते. सवडीने टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतरही थंड इंजिनवर मोजून घ्या. एक्झॉस्टचे अंतर कमी झाले की गरम असताना व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग पुन्हा बिघडते. सध्या गरम इंजिन सहज सुरू होते, म्हणून घाई नाही.

कुळागरी

पावसाळ्याचे मी सांगतो. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा, मग फ्लोट बाउलचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. ड्रेन स्क्रू मात्र सायलेन्सर थंड झाल्यावरच उघडा. टाकी धातूची असेल तर अर्धवट भरलेली ठेवू नका. एक तर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या वाटेला फडके कोंबा, कारण कुंभारमाशी आणि उंदीर दोघेही तिथे घर करतात. फडक्याचे टोक बाहेर लोंबते ठेवा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये इंजिन सुरू करण्यापूर्वी ते काढायचे राहून जाणार नाही.